वामकुक्षी

५ ऑक्टोबर
आलो एकदाचे! मखमलाबादच्या द्राक्षबागेत दोन खोल्या, सारवलेली जमीन, चौकात झणझणीत मिसळ. मोहिनीला पंखा हवा होता, तोही निघाला. मालकीणबाई लंकाबाई मात्र तऱ्हेवाईक. चहा देताना म्हणाल्या, भाऊ, दुपारचं झोपू नका, हिथं कोन नाय झोपत. माझे सगळे विनोदी लेख वामकुक्षीनंतरच सुचलेत. वाचक म्हणतात, वामकुक्षीतच. आम्ही उभयता चटईवर दोन तास घोरलो.

७ ऑक्टोबर
अंगणात मोहिनीला किडा सापडला. लाल मखमली पाठ, काळ्या पोटावर पांढरे ठिपके. पैठणी नेसलेला मुंगळाच. मृगाचा किडा, शुभ असतो, म्हणत तिनं तो थेट कुंकवाच्या करंड्यात ठेवला. मृग जूनमध्ये असतो हे मी बोललो नाही. संसार टिकवायचा असतो. किडा चिरचिरला आणि तिच्या बोटाला डसला. ती ओरडली, हसली आणि आडवी झाली.

८ ऑक्टोबर
मोबाइलवर शोधलं. ही तर गांधीलमाशीची एक जात! हिच्या मादीला पंखच नसतात. जमिनीतली परकी घरटी हुडकून आत झोपलेल्या अळीवर ती अंडं घालते. पिल्लू त्या झोपलेलीला सावकाश खातं. मोहिनीला वाचून दाखवायला गेलो, तर बाईसाहेब सकाळी अकरालाच झोपलेल्या. करंडा उघडा.

१० ऑक्टोबर
मोहिनी उठत नाही. हलवलं की पुटपुटते, पडू द्या ना जरा. पाठीवर सुपारीएवढी गाठ. दाबली, तर आतून चिरचिर.
रुग्णवाहिका बोलावली. लंकाबाईंनी ती फाटकावरूनच परत पाठवली. सांगितलं, पाव्हनी बरी हाय. मी भांडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, दुपारचं झोपंल ते किड्यांचं; पयले घरचंच मानूस जायचं, आता भाडेकरू ठेवतो.

११, दुपार
फाटकाला कुलूप. मोबाइल लंकाबाईंकडे — ओढून घेतला. मोहिनीला पाठुंगळी घेऊन कुंपणापर्यंत गेलो. तारा. पुन्हा आत.
सारवण जागोजाग फुटलंय. भोकांतून लाल पाठी — तिच्याकडे एकही जात नाही. माझ्याभोवती बसल्यात. नुसत्या बसल्यात.

१२
तिचे डोळे उघडत नाहीत. श्वास आहे. गाठ नारळाएवढी — हलते —
मी झोपलो तर तिला उठवणारं कुणी नाही. चिमटे काढतोय. तिला. मला.

दुपार
फार ऊन. एकानं तरी जागं — झोपणार नाही, मोहिनी. शपथ. नुसती पाठ टेकतो, पाठ टे