लाल कागदाशिवाय

८ मार्च

माणसाचा चेहरा नेमका कुठे संपतो? यान बाईंनी चित्रकलेच्या पहिल्याच तासाला हा प्रश्न विचारला होता आणि मला त्याचं उत्तर अजूनही देता येत नाही. पण ते शोधायला याहून छान जागा मिळणार नाही! चियायी शहराहून बसनं दुपारी या खाडीकाठच्या गावात पोचले. को मावशींकडे खोली बाईंनीच ठरवून दिली आहे. खिडकीखाली बायका कालवं सोलत बसतात, दिवसभर गलका.

आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. बाबांच्या न्याहारीच्या दुकानात आईनं हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं आणि त्या भरात एकाला अंडं न घालताच अंडापोळी दिली. आता पुढचं शिक्षण बाईंच्या हाताखाली. त्यांचा चेहरा सत्तरीतही उकडून सोललेल्या अंड्यासारखा नितळ आहे. आम्ही मुली त्याला साधनेचं तेज म्हणतो. त्या म्हणाल्या होत्या, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्यांच्याकडे तू बघ. या एका वाक्यासाठी मी कुठेही गेले असते.

११ मार्च

चित्र काढायची बाईंची पद्धत अशी: नजर माणसावरून हलवायची नाही, कागदाकडे बघायचं नाही, पेन उचलायचं नाही. डोळा मुंगीसारखा चेहऱ्याच्या कडेनं चालतो, हात त्याच्या मागोमाग. आज पाओयू आजींना काढलं. एका हातात कालव, एका हातात सुरी आणि तोंड अखंड चालू. चित्रात त्यांचं नाक कानापाशी गेलं. आजी म्हणाल्या, अगं, ही मी आहे की वाफवलेला खेकडा? साऱ्या बायका सुऱ्या खाली ठेवून हसल्या. पण हनुवटीजवळच्या सुरकुत्या अगदी त्यांच्याच उतरल्या आहेत. इतकं नीट बघणं म्हणजे प्रेमच की.

संध्याकाळी को मावशींनी न विचारता चित्रावर लाल कागद डकवला. जिवंत माणसाचं चित्र इथे झाकून ठेवतात, माणूस गेल्यावरच कागद काढतात. बाईंना फोनवर सांगितलं तर त्या खूप हसल्या. तू शिकलेली ना गं, म्हणाल्या. कागद सोलून टाक आणि चित्रं ताजी असतानाच मला पाठव. मी सोलला. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

२० मार्च

आता पुष्कळ चित्रं झाली. बाई प्रत्येकाचं कौतुक कळवतात.

आजींच्या हनुवटीजवळच्या सुरकुत्या दिसेनाशा झाल्या आहेत. बायका त्यांना चिडवत होत्या, म्हातारे, कुणासाठी नटतेस? आजीही हसल्या. पण हसू चेहऱ्यावर आलंच नाही, नुसता आवाज आला.

२७ मार्च

आई आली! बाबांना दुकानात एकटं सोडून, डबाभर मुळ्याचे वडे घेऊन. मी तिला खिडकीपाशी बसवलं. हसण्याच्या जरासं आधी तिच्या डाव्या गालावर एक तिरपी घडी पडते. मी जन्मापासून बघते आहे, पण पाहिली आज. माझ्या थोबाडाला एवढं काय सोनं लागलंय, आटप लवकर आ-पेई, असं ती पुटपुटत होती. एका रेषेत सगळी आई उतरली. माझं आजवरचं सर्वांत चांगलं चित्र.

मावशींनी लाल कागद पुढे केला. मी नको म्हटलं. बाईंना पाठवून दिलं.

२ एप्रिल

सकाळी पाओयू आजींच्या सुनेनं आजींना दारातूनच परत पाठवलं. इथे काम नाही बाई, शेजारी विचारा, म्हणाली. आजी स्वतःचं नाव सांगत राहिल्या. सून बघत होती, ऐकत होती, तरी ओळखेना. आजींना डोळे आहेत, नाक आहे, पण त्यातलं काहीच लक्षात राहत नाही. नजर वळवली की पुसलं जातं.

मी मावशींना धरून बसवलं. त्या म्हणाल्या, जिवंत माणसाचं उघडं चित्र ज्याला दिलं, ज्याच्याजवळ राहतं, चेहरा त्याचा होतो. गेलेली रेघ परत येत नाही, चित्र जाळलं तरी नाही. दुसऱ्या कुणाची देता येते, तेवढंच. आधी का नाही सांगितलं, असं मी ओरडले. त्या म्हणाल्या, ऐकलं असतंस? तुझ्या बाईंनी पाठवलेल्या पोरी आधीही राहून गेल्यात. एकीनंही ऐकलं नाही.

आई.

३ एप्रिल

आईचा फोन. आधी हसत सांगत होती, मग रडायला लागली. बाबा तिला म्हणाले, दुकान बंद झालं ताई, उद्या या.

४ एप्रिल

बाई आल्या. चित्रं संपली का, हे बघायला.

त्यांच्या हनुवटीजवळ आजींच्या सुरकुत्या. मग त्या हसल्या. हसण्याच्या जरासं आधी, डाव्या गालावर—

मी त्यांच्या पाया पडले. आईचा चेहरा द्या म्हटलं. त्यांनी मला उठवलं, माझे केस नीट केले. म्हणाल्या, हात चांगला असलेल्या मुली खूप मिळतात, मनापासून बघणारी एखादीच. म्हणून तर तुला निवडलं. आणि पोळ्या विकणाऱ्या बाईकडे कोण बघतं गं? तिला चेहरा हवाय कशाला?

हे आईच्या गालानं म्हणाल्या.

ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, तेच हवे होते. चोरी कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून. आणि मी— मी ते वाक्य मैत्रिणींना ऐकवत होते—

५ एप्रिल

घरी आले. आज पूर्वजांची थडगी साफ करायचा सण, सगळे तिकडे गेलेत. मागच्या खोलीत एक बाई भांडी घासत होती. मी विचारलं, आई कुठे आहे?

दोनदा विचारलं. तिलाच.

६ एप्रिल, दुपार

आरशासमोर बसले. नजर हलवली नाही. पेन उचललं नाही. कपाळ, नाक, ओठ, सगळं एका रेषेत. चांगलं बघायला मला बाईंनीच शिकवलं—

चित्र आईला दिलं आहे. तिच्या उशाशी भिंतीवर, उघडं. मी स्वतः चिकटवलं. झालं आता ते.

१३ एप्रिल

आई हसली. माझ्यासारखी. तिला कळलेलं नाही.

बाबा आत आले. तिच्याकडे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. आ-पेई, म्हणाले, कधी उठलीस गं? आई कुठे गेलीये बघ की. आणि रताळ्याची पेज पुढे ठेवली, तिच्यापुढे.

मग त्यांना मी दिसले. बाबा चटकन वळले. खुर्ची पुसून पुढे केली, फार अदबीनं विचारलं, आपण कुणाच्या—