ग्रॅनाईटमधलं युरेनियम

बाबा,

आज कॉलेजात मी पुन्हा ग्रॅनाईट शिकवला. ग्रॅनाईटमध्ये युरेनियम कसं साचतं, हा धडा दरवर्षी येतो, आणि तो संपला की बदलापूर स्टेशनपासून घरापर्यंत चालवत नाही. रिक्षा करते. वय झालं, असं आईला सांगते. ती म्हणते, तुझं कसलं वय.

तुम्ही उल्हासनगरच्या दुकानात ग्रॅनाईट कापायचात, लोकांच्या घरी जाऊन किचनचे ओटे बसवायचात. संध्याकाळी बुवापाड्याच्या आपल्या तेव्हाच्या खोलीत शिरलात की भुवयासुद्धा पांढऱ्या. आई दारातच पाण्याची बादली ठेवायची. मी बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतली तेव्हा तुम्ही फुटक्या लादीचा गुलाबी तुकडा पॉलिश करून आणलात. "शाळेत दाखव," म्हणालात. "कॉलेज म्हणा हो," मी फटकन बोलले. तुम्ही हसलात, आणि हसता हसता खोकला लागला.

मग कधीतरी मोबाईलवर कुणी पसरवलं, की ग्रॅनाईटच्या ओट्यातून किरणं निघतात. कुळगावच्या एका बाईंनी तुम्ही नुकताच बसवलेला ओटा काढून न्यायला सांगितलं. त्या दिवशी तुम्ही लवकर घरी आलात. अजून दिसतंय मला: आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही भिंतीला पाठ टेकून बसलाय, हातपायही धुतलेले नाहीत.

"बाय, दगडात युरेनियम असतं म्हनतात. खरं काय?"

मला हुरूपच आला. माझ्या विषयातलं तुम्ही पहिल्यांदा विचारत होतात. सांगत सुटले. जमिनीखाली खोल शिलारस असतो, वितळलेला दगड. तो हळूहळू थंड होतो, तसतसे त्यात फेल्डस्पार, अभ्रक, क्वार्ट्झ यांचे स्फटिक धरत जातात. युरेनियमचा अणू मोठा, त्याला त्यांच्यात जागा मिळत नाही. म्हणून ते शेवटी उरलेल्या रसात साचतं.

"म्हंजे शेवटच्या पंगतीला बसनारं."

"तसंच. पुढे कितीतरी काळाने दगडाला भेगा पडतात, त्यांतून पाणी फिरतं. पाण्यात ऑक्सिजन असला की युरेनियम विरघळून त्याच्याबरोबर निघतं. वाटेत तो ऑक्सिजन खाणारं काही भेटलं, लोखंड-गंधकाचं खनिज म्हणा, कार्बन म्हणा, की पाण्याला ते धरून ठेवता येत नाही. तिथेच भेगेत काळं होऊन बसतं. खूप साचलं तर खाण निघते. ओट्यात असतं ते अगदी किंचित, बाबा. घाबरण्यासारखं काही नाही."

तुम्ही हातांवरची पांढरी धूळ बोटांनी चोळून पाहिलीत. मग आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलंत, "मग माझा खोकला त्याच्यानं नाय ना?"

"नाही हो. त्याने नाही."

"बरं झालं," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेलात. धुळीसाठी तोंडाला बांधायचा तो नेहमीचाच रुमाल.

मी खोटं बोलले नव्हते. पण क्वार्ट्झची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काय होतं, हे मी वाचलेलं होतं. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते ऐकून तुम्ही काम सोडलं असतंत, आणि माझं एम.एस्सी. राहिलं असतं. एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं, एक भाकरी तव्यावर फुगेपर्यंत. मग मी जेवायला बसले.

पुढे डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून "दगडाची धूळ" असं म्हटलं, तेव्हा आई माझ्याकडे वळली. "तुला म्हाईत होतं का गं?" तुम्ही खाटेवर डोळे मिटून पडला होतात. मी नाही म्हणाले. तुम्ही ऐकलंत की झोपला होतात, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आई आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसलीय, दोनदा जेवायला हाक मारून झाली. हा कागद तुम्हाला धाडायचा कुठे? तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं, तुम्ही उलट काही विचारणार नाही. तिला मी अजून सांगितलेलं नाही.