मोरी तुंबली त्याचा खुलासा

हार्बिनच्या विहीणबाई क्वान यांना दाछिंगहून तोंग फंगछिनचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही ठीक आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत असालच. राग आला म्हणून दुप्पट घ्यायच्या नसतात, एवढं सांगते. तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, मी तेलक्षेत्राच्या तंबूत रात्रीच्या वर्गाला बसून चार अक्षरं गिरवली (तीही शेजारणीचं घोरणं ऐकत), तेव्हा चुका असणारच. मागच्या पत्रासारखं त्यांना लाल शाईने गोल करून परत पाठवू नका.

पत्राचं कारण असं की, नववर्षाच्या आदल्या रात्री तुमच्याकडे टेबल मांडलेलं राहिलं आणि जावई, लेक, नात यांतलं कोणीच पोचलं नाही, ते मी मुद्दाम घडवलं असं तुम्ही त्याच रात्री वनचिंगला फोनवर म्हणालात. सुनेने चुगली केली नाही हो. आमच्या भिंती पातळ आहेत आणि तुमचा आवाज वर्गात तयार झालेला आहे. रीत तुम्हालाही ठाऊक आहे: आदली रात्र मुलाच्या आईकडे, दुसरा दिवस मुलीच्या आईकडे. गेली तीन वर्षं माझा रुईशान येतो, फळांची पेटी ठेवतो, बूट न काढता दारात उभ्या उभ्या 'आई, तब्येत सांभाळ' म्हणतो आणि तुमच्याकडची गाडी पकडतो. तीन वर्षं मी टीव्हीसमोर एकटीने डंपलिंग खाल्ली. त्यात रडण्यासारखं काही नाही, कार्यक्रम बरा होता. पण मीली आता पोळपाटाला पुरेल एवढी झाली आहे, आणि नातीने डंपलिंग भरायला माझ्याकडे शिकावं, तेही त्याच रात्री, एवढं मात्र मला हवं होतं. तुमची लेक विकतची आणते.

आता तुमच्या जावयाचं काम. तुम्ही गल्लीभर 'मोठा इंजिनियर' एवढंच सांगत फिरता, म्हणून मी सांगते. आमच्या विहिरींतून हल्ली तेल थोडं आणि पाणीच फार येतं. तेल रेटायला एका विहिरीतून खाली पाणी सोडतात, पण पाणी जातीचं आळशी. खडकात रुंद वाट दिसली की सुळकन तिथून दुसऱ्या विहिरीत. अरुंद फटींतलं तेल बसतं वाट बघत. (हे तो मला समजावत होता तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. वाट बघत बसणारं आणखी कोण, ते त्याच्या काही डोक्यात आलं नाही. शिकलेला आहे.) म्हणून पाण्यात एक पांढरी भुकटी घालतात, त्याने पाणी रश्शासारखं दाट होतं आणि तेलाला पुढे ढकलतं. आणि जिथे भगदाडच पडलंय तिथे दुसरं एक मिश्रण सोडतात. ते जाताना पातळ असतं आणि आत गेल्यावर सोयाच्या दुधाचा तोफू व्हावा तसं थिजतं. वाट बंद. मग पाणी झक मारत अरुंद फटींत शिरतं. एवढ्यासाठी पगार देतात.

तर आदल्या दिवशी सकाळी तो रात्रपाळी उरकून तसाच आला, मागोमाग वनचिंग आणि मीली. गाडी दुपारची. कामावर भुकटीची पोती फाटली होती, वर वारा, त्यामुळे माणूस गिरणीतून निघाल्यासारखा. मी म्हटलं, "हे जाकीट घालून सासरी जाणार? सासू दारातच झटकेल तुला." तो म्हणाला, "राहू दे आई, त्याला पाणी लावू नकोस." (त्या बाजूच्या कानाने मला कमी ऐकू येतं.) मी म्हटलं, "उद्या-परवा सणात कपडे धुवायचे नसतात, तेव्हा आजच धुतलं पाहिजे. खोलीतला रेडिएटर गरमच आहे, त्यावर तासाभरात वाळेल." तो सोफ्यावर टेकला आणि झोपला. मी मशीनमध्ये गरम पाणी सोडलं. थोड्या वेळाने मशीन दमेकऱ्यासारखं धापा टाकायला लागलं. झाकण उघडलं तर जाकीट दिसेचना. आत नुसता थुलथुलीत गोळा, आपण डुकराच्या कातडीची जेली करतो तसा. मी पाणी सोडायचं बटण दाबलं. जे जायचं ते मोरीच्या नळात गेलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

सणाचा दिवस, वरच्या चारही मजल्यांवर मासे, कोबी, मटण धुणं चाललेलं. ते सगळं पाणी खालच्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात वर आलं. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरचा श्युए म्हातारा आला, हातात बादली. "ऊठ रे इंजिनियर! जमिनीखालची भोकं बुजवून पोट भरलं नाही, म्हणून आता आमच्या मोऱ्या बुजवतोस?" रुईशान म्हणाला, "काका, मला गाडी गाठायचीय." "पळणाऱ्याला गाडी बरी आठवते!" म्हातारा म्हणाला आणि इमारतीच्या दारात स्टूल टाकून बसला. रुईशानने कामावरचे दोघे बोलावले. ते मोरीपाशी गुडघे टेकून बसले, दाबाबद्दल बोलले, काठी घालून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, गोळा फार सुरेख बसलाय. विहिरीत असा एकदाही बसला नव्हता." एकाने फोटो काढला. शेवटी घराघरांतून ब्लीच गोळा करून ओतलं. त्याने तो विरघळतो, पण त्याच्या सवडीने. गाडी गेली.

रात्री कोणालाच पाणी ओतायची सोय नाही, म्हणून अख्ख्या जिन्याची डंपलिंग माझ्याच पातेल्यात शिजली. मीलीने भरलेली सगळी फुटली. आम्ही त्याला सूप म्हटलं, आणि तुमच्या जावयाने ते तीनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरी वाहिली आणि तिघं तुमच्याकडे आली. म्हणजे रीत पाळली गेलीच, फक्त मोरीने पाळून घेतली. माझं यात काही म्हणणं नाही.

तुमची,
तोंग फंगछिन

ता. क. पुढच्या वर्षी आदल्या रात्री तुम्हीच इकडे या. लेक आणि नात तुमच्या डोळ्यांसमोर राहतील, मुलगा माझ्या. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तुमच्याकडे जाऊ, मीही येईन. श्युए म्हातारा विचारत होता, विहीण माहजोंग खेळते का. येताना हार्बिनचं लाल सॉसेज आणा, पातळ कापलेलं नको.

ता. क. दुसरा. मी खिसे न तपासता कपडे धुते का, असंही तुम्ही वनचिंगला विचारलंत. नाही धुत. जाकिटाच्या आतल्या खिशात भुकटीच्या नमुन्याच्या दोन पुड्या होत्या. दुसरी माझ्याकडे फळीवर आहे, कोरडी.