शेवटचा तांब्या

ता. ४ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत, धंदा तेवढा आजारी आहे. काल पाणी खात्याचे साहेब आपल्या रंगाच्या कारखान्यात आले. गटारात काठी बुडवली, ती निळी होऊन वर आली. महिनाअखेरपर्यंत पाणी स्वच्छ झालं नाही तर कुलूप लावीन म्हणाले. जाता जाता दोरीवरच्या कापडावरून हात फिरवला, रंग झकास आहे म्हणाले आणि स्वतःच्या कचेरीसाठी निळ्या पडद्यांची मागणी देऊन गेले.

मला त्यांचा राग येत नाही. ते पाणी पुढे कुणीतरी पितंच. देवापुढे हात जोडताना आपले हात निळे आहेत हे मला रोज दिसतं. पण वडिलांचा कारखाना माझ्या हातून बंद पडला तर वर गेल्यावर त्यांना काय सांगू? प्रयोगशाळेत तू पाण्यातला रंग उजेडाने घालवतेस असं म्हणाली होतीस. तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही.

बाकी, कारखान्याची किल्ली माझ्या खिशातून सांडपाण्याच्या हौदात पडली आहे. निळ्या पाण्यात ती दिसणार कशी? सध्या दाराला दोरी बांधतो. माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.

तुझा दादा

ता. ९ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

सोबत भुकटीचा डबा पाठवते आहे. यात दोन पदार्थ आहेत, एक पांढरा, एक पिवळसर. दोन्ही अर्धवाहक, म्हणजे मनात आलं तर वीज नेणारे, नाहीतर बसून राहणारे. (असे दोघे आपल्याकडे पगारावर आहेत, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.) उजेड पडला की अशा पदार्थातला एक कण उडी मारतो आणि त्याच्या जागी खळगा राहतो. कण आणि खळगा हे दोघे रंग तोडायचं काम करतात. पण पदार्थ एकटाच असला तर दोघे लगेच एकमेकांना भेटतात आणि उजेड फुकट जातो. म्हणून मी दोन पदार्थ भट्टीत एकमेकांना चिकटवले. कण एका घरात जातो, खळगा दुसऱ्या घरात. भेट होत नाही, म्हणून काम होतं.

भुकटी पाण्यात ढवळत राहा. ती खर्च होत नाही, जाड कापडातून गाळून पुन्हा वापर. आमच्या सरांच्या मते हे फक्त काचेच्या भांड्यात चालतं. त्यांना खोटं पाडायचं आता तुझ्याकडे लागलं.

वहिनीला नमस्कार. लोभ आटू देऊ नये.

धाकटी

ता. १७ एप्रिल

चि. धाकटीस अ. आ.

आधी एका पिंपात करून पाहिलं. तीन दिवस पाणी जसंच्या तसं. तुझ्या सरांना पत्र लिहून माफी मागावी असं वाटू लागलं होतं. मग तुझी वहिनी म्हणाली की उजेडाचं औषध झाकणाखाली काय करणार? जन्मभर रंगाला उन्हापासून जपलं, हात आपोआप झाकण लावतो. झाकण काढलं, आणि संध्याकाळी पिंपाचा तळ दिसला. मी तिथेच डोळे मिटून उभा राहिलो.

तुझं तत्त्व मी घरातही लावलं. वहिनी आणि मी शेजारी बसून कापड मोजत असू तेव्हा गप्पाच फार होत. आता ती पुढच्या दाराशी बसते, मी मागच्या. काम दुप्पट झालं. तिला हा शोध आवडलेला नाही.

वडिलांची रीत मी मोडलेली नाही. प्रत्येक पिंपाच्या तळचा शेवटचा तांब्या नव्या रंगात ओतायचा, म्हणजे जुन्याचा आशीर्वाद नव्याला लागतो. तुझ्या पिंपाचाही ओतला. त्याच रंगात साहेबांचे पडदे काढले आणि काल पोचवले. उद्यापासून हौदाला लागतो. तब्येत सांभाळ.

दादा

ता. २१ एप्रिल

ती. दादास सा. न.

घाईत लिहिते. तांब्या का ओतलास? गाळूनही उरलेली बारीक भुकटी तळाशीच बसते. ती आता त्या पडद्यांत आहे, आणि ऊन लागलं की तिला पाण्यातला रंग आणि पडद्यावरचा रंग यांतला फरक कळत नाही. साहेबांच्या खिडकीवर ऊन येतं का? येत असेल तर पडदे आजच परत आण. काहीही कारण सांग. नाहीतर तुझ्या वतीने वहिनी सांगेल, तिला जमतं.

धाकटी

ता. २६ एप्रिल

चि. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा साहेब दारातच उभे होते. एका काखेत पडदा, दुसऱ्या हातात महिनाअखेरच्या आधीच आणलेलं कुलूप. पडदा काचेकडून पांढराफटक, घड्यांच्या आत निळाशार. कच्चा रंग विकता का, असं त्यांनी विचारलं. वहिनीने मागून चिमटा काढला, म्हणजे दोष उन्हावर टाक. पण मी नुकताच देवापुढून उठलो होतो. तांब्यासकट सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी पडद्याची निळी घडी उलगडून पांढऱ्या बाजूला लावून पाहिली. मग म्हणाले की ही वस्तू माझ्या पडद्याला सोडत नाही, तर तुमच्या पाण्याला का सोडेल? हौद दाखवा. हौदात भुकटी पडून चार दिवस झाले होते, पण माझा धीर होत नव्हता म्हणून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. ढवळायचं काम पगारावरच्या त्या दोन अर्धवाहकांवर सोपवलं होतं, आणि त्यांनी ते केलं होतं. पाणी विहिरीसारखं नितळ. साहेबांनी वाकून पाहिलं, बाही वर केली आणि तळातून काहीतरी काढलं. कुलूप लावायला आलेल्या माणसाने माझ्या कारखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली.

पडदे नवे करून द्यायचे आहेत. तांब्याची रीत चालूच राहील, फक्त आता तो भुकटी पडायच्या आधी भरतो. वडिलांची हरकत नसावी. तुझ्या सरांना आमचा नमस्कार सांग, जरा जोरात. लोभ आहेच, पत्राला उशीर नको.

दादा

ता. क. वन्सं, हौद साफ झाला. आता मला ह्यांच्यापासून आणखी किती दिवस लांब बसायचं ते तुमच्या शास्त्रात बघून कळवा. पुढच्या दाराशी करमत नाही.

वहिनी