सिंहीण उजव्या हाताला होती

माऊन, २८ जुलै

प्रिय मा-लोरातो वन्सं यांना,

बोनोलोचा नमस्कार. कशा उठलात? आत्याबाई कशा उठल्या? लोरातोची परीक्षा झाली का? आम्ही इकडे बरे उठलो.

तुम्ही पाठवलेली चवळीची वाळवलेली पानं पोचली. बसमध्ये त्या पिशवीवर कुणीतरी ऐसपैस बसलं असावं, निम्मा भुगाच आला. पण चव घरची. मी शेंगदाण्याचं कूट घालून शिजवली, तर तुमच्या भावाने पातेलं पुसून खाल्लं. फाटकाचा खांब पुन्हा तुमच्या गाडीला आडवा आला हे वाचून आधी मी हसले. लोरातोला म्हणावं, चेष्टा करायची तर खांबाची कर, आईची नको.

सोबत सिंहिणीचा फोटो पाठवते आहे. तुमच्या मोलोकीने गेल्या आठवड्यात ख्वाईच्या जंगलात काढला. मिशीचा केस न् केस दिसतो. या कामात त्याचा हात धरणारा माऊनमध्ये आजही कुणी नाही.

सुट्टी लागली की लोरातो येणार आणि मामा-भाची गाडी घेऊन जंगलात जाणार, हे कधीचं ठरलेलं आहे. मामाने तिच्यासाठी छोटी दुर्बीण पुसून ठेवली आहे. तर वन्सं, यंदा तिला पाठवू नका. जुलैची थंडी फार आहे, पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. हत्तीही यंदा चिडके झालेत. मागचा एक टायर गुळगुळीत झाला आहे.

हे सगळं खरं आहे, पण कारण यातलं एकही नाही. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? मला भीती वाटते. मोलोकी बाहेर गाडी धुतो आहे, पाण्याचा आवाज थांबला की मी हा कागद पिठाच्या डब्याखाली सरकवते. लिहायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे.

ख्वाईला आम्ही दोघंच गेलो होतो. सकाळभर नदीकाठी फिरलो. वाटेत उजव्या आरशाला दोनदा फांदी घासली. मी म्हटलं, "काय रे, झाडं तुझ्या अंगावर चालून येतात की काय?" तो म्हणाला, "तू चालव मग. हत्तीसुद्धा रस्ता सोडून पळतील." आम्ही हसलो. मग एका मोकळ्या जागी थांबून चहा ओतला, घरून तळून नेलेल्या माग्विन्या काढल्या. त्याला लघवीला उतरायचं होतं.

त्याची रीत तुम्हाला माहीत आहे. इंजिन बंद करायचं, काच खाली करून कान द्यायचा, दारावर थाप मारायची, चहूकडे बघायचं, मगच पाय खाली टाकायचा. मला त्यानेच शिकवली. त्याने सगळं रीतसर केलं. चहूकडे बघितलं, "कुणी नाही" म्हणाला आणि उतरला.

मी थर्मासचं झाकण लावायला वळले आणि मागच्या काचेतून मला ती दिसली. मागच्या चाकापलीकडे, झुडपाच्या सावलीत पसरलेली. गवतात लपलेली नव्हती हो. एखादी म्हातारी दारात पाय पसरून बसते तशी उघड्यावर बसली होती. आणि मोलोकीकडे बघत होती.

ओरडायचं नाही, पळायचं नाही, हेही त्यानेच शिकवलेलं. मी घरच्या आवाजात म्हटलं, "मोलोकी, आत ये."

"काय घाई आहे तुला? जरा मोकळं तरी होऊ दे."

"सिंहीण आहे. तुझ्या उजव्या हाताला."

त्याने मान वळवली. वन्सं, तो बघत होता. मान हळूहळू फिरवत, किल्लीच्या भोकातून खोलीत डोकावावं तसा बघत होता. आणि त्याची नजर तिच्यावरून सरकून पुढे गेली. "कुठे?" म्हणाला. "कुठे गं, बोनोलो?" तुमचा भाऊ! समोरच्या काठावरच्या झाडातली बिबट्याची शेपटी दाखवणारा माणूस मला विचारत होता, कुठे.

ती उठून उभी राहिली. तेव्हा हलली म्हणून दिसली त्याला. मग मात्र तो चुकला नाही. तोंड तिच्याकडेच ठेवून एकेक पाऊल मागे आला. हात मागे करून दाराची कडी चाचपत होता आणि हात सारखा भलतीकडेच पडत होता. मी सीटवरून आडवी झाले, आतून दार उघडलं, त्याची कॉलर धरली आणि आत ओढला. दार लागलं. ती जांभई देऊन झुडपामागे जायला निघाली.

मी हमसून रडत होते आणि त्याने कॅमेरा उचलला. तिने वळून बघितलं तसा खिडकीतून एकच फोटो काढला. तोच हा, तुमच्या हातातला.

मी गाडीची किल्ली काढून घेतली आणि विचारलं, "कधीपासून?" त्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "समोरचं सगळं दिसतं, बोनोलो. लेन्समधून तर पूर्वीसारखंच दिसतं. फक्त चित्राला कडा राहिल्या नाहीत."

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? आत्या काय म्हणेल?"

तेव्हा मला कळलं. तो मगरीचा फोटो आठवतो ना, कॅलेंडरवर छापलेला? तुम्ही सगळे क्वेना कुळाचे, मगर तुमचं देवक. तिच्यावर नजर पडली तरी तुमची माणसं जमिनीवर थुंकून तोंड फिरवतात. आणि याने पाण्यात पोटावर पडून तिच्या डोळ्यात डोळा घालून फोटो काढला, वर गावी नेऊन आत्याबाईंनाच दाखवला. त्या म्हणाल्या होत्या, "देवकाकडे डोळे रोखतोस? तेच डोळे ती मागून घेईल." तेव्हा हा खो-खो हसला होता. आज आत्याबाईंपेक्षा त्याचाच त्या बोलावर जास्त विश्वास बसला आहे. मला म्हणाला, "तिने मागितलेत, तर डॉक्टर काय देणार?" गावाने "बघ, सांगितलं होतं" म्हणू नये म्हणून तो आंधळा व्हायला तयार आहे, आणि लोरातोला शेजारी बसवून जंगलात जायलाही. कबूल केलं तर तिला का नेत नाही हे गावाला सांगावं लागेल ना! मला त्याचा इतका राग आला वन्सं, की त्या दिवशी मी त्याला वाढलं नाही. मग ताट घेऊन मीच गेले.

देवकाचं खरं की खोटं, मला माहीत नाही. तुमच्या घरात आल्यापासून मीही मगर दिसली की थुंकते. पण परवा मी हॉस्पिटलात डोळ्यांच्या खोलीत गेले. तिथल्या सिस्टर सिआबेलोला नाव न घेता सगळं सांगितलं. ती म्हणाली, तपासल्याशिवाय नक्की नाही, पण हा काचबिंदू वाटतो. डोळ्यात दाब वाढतो, आधी कडा जातात, मधलं शेवटी जातं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं औषधाच्या थेंबांनी राखता येतं. माझा जीव जरा भांड्यात पडला. एवढ्यात तिने विचारलं, "त्या माणसाला भावंडं आहेत का? हा आजार रक्तातून येतो. भाऊ-बहिणींनी आधी तपासून घ्यावं."

वन्सं, घरी येऊन मी तुमचं पत्र पुन्हा काढलं. फाटकाचा खांब. त्याआधीच्या पत्रात शेजारणीची कोंबडी चाकाखाली आली होती, "कुठून आली कळलंच नाही" असं तुम्ही लिहिलं होतं. यावेळी मला हसू आलं नाही.

म्हणून एक करा. हे पत्र समोर धरा, अक्षरांवरून नजर हलवू नका. लोरातोला तुमच्या खांद्यापाशी उभं करा आणि हात हलवायला सांगा. एकदा या बाजूला, एकदा त्या. का ते तिला आत्ताच सांगू नका. हात दिसला तर मला खुशाल शिव्या घाला, तरी तपासून घ्याच. नाही दिसला तर घाबरू नका असं लिहिणार होते. पण मीच इतकी घाबरले आहे की तसं लिहायला हात धजत नाही.

लोरातोला एकटीला पाठवू नका, तुम्हीच तिच्याबरोबर या. बसने या. गाडी फाटकाच्या आतच राहू दे. माझं तो ऐकत नाही. तुम्ही थोरल्या, तुम्ही कान धरून हॉस्पिटलात नेलंत तर येईल, आणि एका बाकावर दोघं भावंडं बसलात तर त्याला एकट्याला मगरीची भीती वाटणार नाही.

पाण्याचा आवाज थांबला. तो मला हाका मारतो आहे, किल्ली कुठे ठेवलीस म्हणून.

सांगणार नाही मी.

तुमची वाट पाहणारी भावजय,
बोनोलो