धारगळचा डबा

डिचोली, ४ सप्टेंबर १९८८

काशिनाथबाब यांस,

डबा परत का केला, असं तुम्ही विचारलं होतं. उत्तराला दोन महिने लावले, माफ करा. आधीची पत्रं लिहून फाडली.

पद्मावतीच्या छातीतल्या गाठीसाठी इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंगावर चरबी वाढू देऊ नका, गाठ चरबीवर पोसते. मी तेवढंच धरून तुमच्या धारगळच्या घरून डब्यात येणारं मणगणं बंद केलं. खरं तर मला गाठीपेक्षा डब्याचा त्रास होता. माझी बायको होण्याआधी तुमच्याशी तिचं लग्न ठरता ठरता राहिलं होतं. माझ्या हातची पेज ढकलणारी बाई तुमचं नारळाच्या रसातलं गोड चाटूनपुसून खायची, ते मला बघवत नव्हतं.

आता ती सात किलो उतरली आहे. काल डॉक्टर माझ्यावरच चिडले. "चरबी वाढवू नका म्हटलं, उपाशी ठेवा नव्हे. वजन सावरल्याशिवाय पुढचं इंजेक्शन देणार नाही."

घरी आल्यावर तिने विचारलं, "धारगळच्यांनी डबा का बंद केला हो?"

"विसरले असतील," मी म्हटलं.

मी केलेलं मणगणं तिने एक चमचा खाऊन ठेवलं. तुम्ही डबा पाठवा. स्वतः घेऊन आलात तरी चालेल, मी तेवढा वेळ बाजारात जाईन. कधी येता ते लवकर कळवा.

आपला,
गुरुदास