उलट्या बाजूने आलेली मिशी

काशीद,
शनिवार

प्रिय रुचिका,

सर्वप्रथम एका गंभीर अन्यायाकडे तुझं लक्ष वेधतो. तू माझ्या टॅबवर घालून दिलेलं ते चित्रकलेचं ॲप गेल्या अपडेटपासून बिघडलंय. बिघडलंय म्हणजे सुशिक्षित झालंय. मी पेन उचललं रे उचललं की विचारतं, 'हा फटकारा जपून ठेवायचा?' अगं, नाक काढतोय मी, मुदत ठेव नाही! अर्धं नाक झालं की विचारतं, उरलेलं अर्धं झालं की पुन्हा विचारतं. इतकी वर्षं भल्याभल्यांची नाकं मी कुणाची परवानगी न घेता काढली, आणि आता एक चौकट मला हो की नाही विचारते. त्यात चुकून 'हो'वर बोट पडतं आणि नको ती रेघ कायमची जमा होते. बोट चुकून का पडतं, असं तू विचारशील. जरा थांब. त्या प्रश्नापाशी पोचायला मलाही थोडा वेळ लागणार आहे.

दोन दिवाळ्यांपूर्वी पडवीत बसून तू मला हे तंत्र शिकवलंस. म्हणालीस, "बाबा, हे चित्र साठवत नाही, तुझा हात साठवतं. पेन कुठे टेकलं, किती दाबलं, कुठे पळालं, कुठे थबकलं, सगळं. मग हवं तिथे, हव्या त्या मापात तीच रेघ आपोआप पुन्हा उमटते." मी म्हणालो, म्हणजे फोडणीचा भात. तू म्हणालीस, "तू रोज ताजा शिजवतोस असं कोण म्हणालं तुला?" हे तिखट बोलणं तू आईकडून घेतलंस असं मी लोकांना सांगतो, आणि लोक हसतात. त्या सुट्टीत मी नाकं, टोप्या, मिशा, सुटलेली पोटं, घट्ट धरलेल्या खुर्च्या असा सगळा माल काढून दिला. पोट एकच, पक्ष कितीही. तू तो 'पेटारा' नावाने तुझ्याच खात्यात ठेवलास, कारण पासवर्ड लक्षात ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

तेव्हाचा खेळ आता माझी शिदोरी झालाय. होळीच्या सुमारास माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, मग त्याच्या संगतीने बाकीचेही बिघडले. मी हात खिशात ठेवायला लागलो. काशीदला खिशात हात घालून फिरणारा माणूस एकतर पर्यटक असतो नाहीतर जागेचा दलाल, त्यामुळे गावात माझ्याकडे संशयाने बघतात. तुझी आई काहीच विचारत नाही, फक्त हल्ली माझा कप अर्धाच भरते. कृष्णाबाईचं तसं नाही. ती तुझ्या आईसारखी मुख्याध्यापिका नाही, मासे विकते, तिला मनात ठेवायचा सराव नाही. परवा दारात बोंबील घेताना माझ्या हातातली ताटली वाजली तर म्हणाली, "दत्ताभाऊ, बोंबील मेलंय रं, तू कशाला तडफडतंस? डाक्टरला दाव आदी!" मी मोठ्याने हसलो. आत आलो, ताटली ओट्यावर ठेवायला गेलो, तर ती तिथेही वाजली.

डॉक्टरला दाखवून झालंय गं. अलिबागच्या डॉक्टरांनी मला बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, आणि पनवेलच्या मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. रोगाचं नाव त्यांनी 'कदाचित' लावून घेतलं. एका इंग्रज माणसाचं आडनाव आहे ते. त्या आडनावाशी मी अजून ओळख वाढवलेली नाही. चिठ्ठी कपाटात आहे, आणि कपाटाकडे मी पाठ करून बसतो.

मधल्या काळात पेपरात माझं व्यंगचित्र दर रविवारी छापून आलंच. कारण मी काढत नव्हतो, पेटाऱ्यातून वेचत होतो. हे पोट, ही टोपी, त्यावर ते नाक. स्वतः ओढायला गेलो तर रेघ दिघीच्या फेरीबोटीत उभं राहून काढल्यासारखी यायची. चुकून जपल्या गेलेल्या तसल्या रेघा मी लगेच पुसून टाकायचो. एकदा तूच फोनवर म्हणालीस, "बाबा, या मंत्र्याचं आणि मागच्या महिन्यातल्या सरपंचाचं नाक एकच कसं?" मी म्हणालो, "नातेवाईक असतील." तू हसलीस. त्यानंतर तू दर सोमवारी विचारायला लागलीस, "या आठवड्यात कुणाला सोलणार?" मला वाटलं, कार्टीला राजकारणाची गोडी लागली. आणि गंमत म्हणजे जे लागेल ते पेटाऱ्यात सापडत गेलं. सभापतीबाईंचा चष्मा, जेट्टीवरचा मांडव, उद्घाटनाची कात्री. हे मी कधी काढलं? आठवेना. विसरणंही त्याच आजारात येतं की काय, ही आणखी एक भीती मी उशाला घेतली. त्यातच संपादक मितेशचा फोन. "दत्ताजी, हल्ली रेघ काय तरुण झालीय तुमची! खाता तरी काय?" म्हटलं, बोंबील. फोन ठेवला आणि हिशेब केला. मी काढायचं बंद केल्यापासून माझं काम सुधारलं होतं.

मग या मंगळवारी ठरवलं, पुरे. आपलीच रेघ, आपणच गिरवू. लहान मूल पाटीवर अ गिरवतं तसं. पेटाऱ्यातली एक मिशी निवडली, तिचा वेग अगदी मंद केला आणि ती उमटायला लागली की तिच्यावरून पेन न्यायचं, असा बेत. मी पेन डाव्या टोकाला टेकवून बसलो, कारण आयुष्यभर मी मिशी तिथूनच सुरू करतो. आणि मिशी निघाली ती उजव्या टोकाकडून! मुरूडच्या अरुंद रस्त्यावर एसटी आणि पर्यटकाची गाडी समोरासमोर यावी तशी ती आणि मी नाकाखाली येऊन थांबलो. दुसरी लावून बघितली, तीही उजवीकडून. जुन्या, दिवाळीतल्या मिशा नीट डावीकडून येत होत्या. नव्या सगळ्या उलट्या बाजूने. चष्मा, मांडव, कात्री, सगळं. आपल्या घरात डावखुरं कोण आहे हे कळायला पंचनाम्याची गरज नाही.

नंतर समजलं की पुसलेल्या रेघा पुसल्या जात नाहीत, केराच्या टोपलीत पडून राहतात, आणि पेटारा तुझ्या खात्यात म्हणजे टोपलीही तुझ्याच खात्यात. तू माझ्या सगळ्या थरथरत्या रेघा पाहिल्यास. कुणाला बोलली नाहीस. दिवसभर बंगळुरात त्या गेमवाल्यांसाठी गवत आणि दगड काढायचे आणि घरी येऊन बापाच्या हाताने नाकं काढायची.

राग आला का? आला. दुसऱ्यांचे मुखवटे ओढण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याच्या तोंडावर मागून कुणी हळूच मुखवटा चढवत होतं. पण राग फार टिकला नाही, त्याच्या जागी जे आलं ते वाईट होतं. तुझी मिशी माझ्या मिशीपेक्षा माझी वाटते. इतकं हुबेहूब जमायला माणसाला किती वेळ स्वतःला बाजूला ठेवावं लागतं, मला ठाऊक आहे. शाळेत असताना तू खारफुटीतले बगळे काढायचीस, एका रेघेत, मान कुठे संपते नि पाणी कुठे सुरू होतं कळायचं नाही. तसली रेघ मला कधी आली नाही. ती रेघ आता काय करते? माझा हात जाईल तर जाईल, वय झालंय, त्याने बरीच पापं केलीत. पण तो जाताना तुझा घेऊन गेला तर?

म्हणून हे पत्र, आणि म्हणून कागदावर, हाताने. अक्षर बघ. वर-खाली गेलंय, काही शब्द मलाच वाचता येत नाहीत. हे तुला बदलून देता येणार नाही, आणि देऊही नकोस. काल आईला सगळं सांगितलं. तिने आधी माझी बॅग भरली, मग रडली. पनवेलची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय, सकाळची. तू ये. मी एकटा गेलो तर डॉक्टरांना विनोद सांगून परत येईन, हे तुला माहीत आहे. पेटाऱ्यात आता नवीन काही टाकू नकोस. जे आहे त्यावर महिनाभर निभेल, पुढचं पुढे. उद्याच्या व्यंगचित्रात उद्घाटनाचा मांडव तुझा आहे, चष्मा तुझा आहे आणि मिशी तर आहेच. माझ्या सहीला लागून बारीक अक्षरात 'रुचिका' असं मी स्वतः लिहिलंय, वाकडंतिकडं. मितेश विचारत होता, हे चुकून राहिलं का, काढून टाकू? म्हटलं, चुकून लिहायचं राहिलं होतं ते आधीच्या चित्रांत. हे असू दे.

तुझाच, उजव्या हाताने जमेल तसा,
बाबा